खटका

माझा मेव्हणा गुहागरला नारळ सोलायचं यंत्र बनवतोय. कधीपासून, ते घरात कुणी विचारत नाही. यंत्राचा सगळा जीव एका अंगठ्याएवढ्या खटक्यात आहे. हँडल दाबलं की तो दातेरी चाकात अडकतो आणि सगळा झटका एकटा सोसतो. "भावोजी, एकच पीस हवाय. छोटासाच. पण हत्ती बसला तरी मोडता नये," म्हणत त्याने ड्रॉइंग माझ्या गळ्यात मारलं. मी पुण्यात राहतो, म्हणजे भोसरी एमआयडीसी माझ्या खिशात आहे, असा माझ्या सासुरवाडीचा समज आहे.

भोसरीत सल्ला फुकट आणि सेटिंग महाग. व्हीएमसीवाल्याने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्याने, ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. "आतला कोपरा शार्प दाखवलाय. माझा कटर ६ मिलिमीटरचा, गोल फिरणारा. कोपऱ्यात ३ मिलिमीटरचा रेडियस राहणारच. आणि राहूच द्या, क्रॅक शार्प कोपऱ्यातूनच सुरू होतो." ज्ञान मिळालं, मग दर विचारला. प्रोग्रॅम, फिक्स्चर, सेटिंग, सगळा भार पहिल्याच पीसवर. "पन्नास घ्या साहेब, मग परवडेल." पन्नास यंत्रं विकायची तर आधी एक चालायला हवं होतं. मोल्डिंगवाल्याने नुसती डायची किंमत सांगितली आणि सहानुभूतीने चहा मागवला.

थ्रीडी प्रिंटिंगवाला पोरगा मात्र उत्साही. डाय नाही, फिक्स्चर नाही. रात्री फाइल टाका, सकाळी खटका. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "उभा छापू की आडवा?" तोवर जो तो 'किती मजबूत' एवढंच बोलत होता; जोर कुठून येणार, हे विचारणारा हा पहिलाच. वस्तू ०.२ मिलिमीटरच्या थरावर थर चढवून होते. थरांच्या लांबीने ओढली तर तग धरते. थर एकमेकांपासून सुटतील अशी ओढली की कळकासारखी चिरते. शिवाय छपाईचं प्लास्टिक, पीएलए, साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर खटका नतमस्तक. "फिटिंग बघायला हा न्या," पोरगा म्हणाला, "झटके खायला लोखंडच."

प्रिंट गुहागरला पोचला आणि फोन आला, "भोक २ मिलिमीटर वर घ्यायला हवं." हाच फोन व्हीएमसीचं काम झाल्यावर आला असता तर बायकोच्या माहेरी मी बराच काळ गेलो नसतो.

खटका मुळात सपाट. मग लेझरवाल्याने ईएन ८ पोलादाच्या ६ मिलिमीटर प्लेटमधून तो कापून दिला. फिटरकाकांनी भोकात रीमर फिरवला, टोक लाल करून तेलात बुडवलं आणि पुन्हा बेताने तापवलं. नुसतं कडक ठेवलं तर पहिल्याच झटक्याला टवका उडतो म्हणाले.

आता खटका ढिम्म हलत नाही. त्याने न खाल्लेला झटका पुढे सरकला आणि हँडल वाकलं. मेव्हणा तरीही खूश, "भावोजी, खटका काय झालाय!" ही शुभवार्ता मी फिटरकाकांच्या कानावर घातली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ते ठीक. नारळ सोलला का?"