बोटाचे पैसे

“वहिनी, जरा कुंपणापाशी या हो. टपालात हे कार्ड आलंय. मी कचऱ्यातच टाकत होते.”

“अगं, क्लास ॲक्शनचं, म्हणजे सामूहिक खटल्याचं आहे ते! तुमच्या वेअरहाऊसमध्ये बोट लावूनच पंच करता ना?”

“दिवसातून चारदा. जेवायला जाताना-येतानासुद्धा.”

“ठसा घेण्याआधी सही घेतली होती? कशाला हवा, किती दिवस ठेवणार, असं काही लिहून दिलं?”

“छे! सुपरवायझर म्हणाला, बोट ठेव, हिरवा दिवा लागला की कामाला लाग.”

“मग झालं तर. आपल्या इलिनॉयमध्ये अशा ठशांबद्दल २००८ पासून कायदा आहे. हलगर्जीपणाला १,००० डॉलर, मुद्दाम केलं तर ५,०००.”

“पण माझं नुकसान कुठे झालंय?”

“दाखवावं लागत नाही. सिक्स फ्लॅग्ज या करमणूक पार्कने एका शाळकरी पोराचा अंगठा सीझन पासासाठी घेतला, त्याची आई गेली कोर्टात. २०१९ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने तिचंच ऐकलं.”

“मग रोजचे चार गुणिले...”

“हिशेब नको मांडूस! त्या बर्गरवाल्या व्हाइट कॅसलच्या खटल्यात २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं खरं, की दर खेपेला नवा भंग. कागदावर आकडा गेला १७ अब्ज डॉलरवर. मिटलं ९४ लाखांत. पुढच्या वर्षी कायदाच बदलला, आता माणशी एकदाच. शिवाय वकील साधारण तिसरा हिस्सा नेतात. कोपऱ्यावरची ती नर्सिंग होमवाली, तिलाही आलेत म्हणे काहीशे डॉलर. बोलतेय कुठे! नवे पडदे लागले तेव्हा मी ओळखलं.”

“अय्या, ते पडदे त्यातले होय! पण ह्यांचं म्हणणं, ज्यांचं मीठ खातो त्यांच्यावरच खटला?”

“खटला भरलाय दुसऱ्याने. तू आपसूक त्यात आलीस. गप्प बसलीस तर चेक नाहीच, वर पुढे वेगळा दावाही लावता येणार नाही. बाहेर पडायचं तर तसं मुदतीत लिहून कळवावं लागतं. तुझ्या ह्यांना सांग, मीठ पगाराचं असतं, बोटाचं नाही.”

“मॅनेजरला कळलं तर?”

“तुझं नाव-पत्ता त्यांच्याच यादीतून आलाय, बाई. आणि या कायद्याखाली हक्क मागितला म्हणून कुणाला काढलं, तर ते वेगळं प्रकरण होतं, तेही त्यांना ठाऊक असतं. शेवटची तारीख बघ आधी.”

“मंगळवार! आणि क्लेम नंबर पुसटलाय, मेथीला पाणी घालताना भिजलं वाटतं.”

“थांब, चष्मा आणते. आणि ते पडद्यांचं मी बोलले म्हणून तिला सांगू नकोस हं.”