कुठलेकर

बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी मध्यम आकाराची फौंड्री घ्या. सकाळच्या पाळीची मीटिंग उभ्यानंच होते. फळ्यावर कालचं रिजेक्शन लिहिलेलं असतं, ब्लोहोलनं किती गेले, वाळूनं किती गेले. ज्याचं त्याला ऐकवून दहा मिनिटांत पांगायचं असतं. नवा माणूस रुजू झाला की याच दहा मिनिटांत त्याचं स्वागतही कोंबावं लागतं. तो पुढं येतो, नाव सांगतो, डिप्लोमा सांगतो, छंद म्हणून क्रिकेट आणि जुनी गाणी सांगतो. चार टाळ्या पडतात. साहेब ‘वेलकम टू अवर फॅमिली’ म्हणतात आणि फॅमिली ब्लोहोलकडं वळते. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न येतो, “गाव कुठलं ओ?”

हा कुठलेकर. हजेरीपटावर त्याचं नाव काहीही असेल. फौंड्रीतच नव्हे, बँकेत आणि शाळेच्या स्टाफरूममध्येही एकेक नेमलेला असतो. पु. लं.च्या ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांमुळं उरलेल्या महाराष्ट्राची अशी समजूत आहे, की बेळगावात स्वागत शिवीनं होतं. शिवी नंतर येते, सलगी झाल्यावर. आधी येतो हा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच, की त्या मीटिंगमध्ये नवख्याचं खरं स्वागत साहेब करत नाहीत, कुठलेकर करतो. ओळख करून देणं वेगळं आणि ओळख काढणं वेगळं. करून दिलेली ओळख दुपारच्या डब्यापर्यंत विरून जाते. काढलेली ओळख माणसाला रिटायर होईपर्यंत चिकटते.

पुरावा या भागातच आहे. दुसरीकडं आडनावावर निम्मं काम भागतं. इथं नवा माणूस ‘पाटील’ म्हणाला तर काय समजायचं? पाटील मराठा असेल, लिंगायत असेल, जैन असेल. घरी मराठी बोलत असेल, कन्नड बोलत असेल, आजीशी एक आणि बायकोशी दुसरी. देसाई, कुलकर्णी यांचंही तेच. म्हणून कुठलेकर नाव सोडून देतो आणि कान शहराच्या नावाकडं लावतो. 2014च्या 1 नोव्हेंबरपासून सरकारी पाटीवर ‘बेळगावी’ आहे. नवा माणूस सहज ‘बेळगाव’ म्हणाला तर तो आपल्यातला. प्रत्येक अक्षर तोलून ‘बेळगावी’ म्हणाला तर बंगळूरकडून बदलून आलेला. आणि ‘बेलगाम’ म्हणाला तर हिंदी मुलखातला, बहुधा मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरशी कुणीतरी जोडलेला. मग गाव. येळ्ळूर म्हटलं तर मराठी चालू. गोकाककडचं नाव निघालं तर तोच प्रश्न फिरून, अधिक अदबीनं, “याव ऊर्री?” मग हायस्कूल, मग मामाचं गाव. मामाच्या गावात कुठलेकराचा साडू निघतोच.

ही नसती चौकशी आहे, असं मनुष्यबळ विभागाचं म्हणणं असतं. वेळ जातो, हेही. वेळेचं मान्य, तीन मिनिटं जातात. पण लाडलमधलं वितळलेलं लोखंड 1400 अंशांच्या आसपास असतं आणि ते नेताना वाटेत उभ्या असलेल्याला ‘बाजूला हो’ म्हणून ओरडायचं की ‘सरी’ म्हणून, हे आधी ठरलेलं बरं. बायोडेटात ‘भाषा : इंग्रजी, हिंदी, मराठी, कन्नड’ असं चौघींना एका ओळीत बसवलेलं असतं. दचकल्यावर त्यातली कुठली कळते, ते त्यात नसतं. ते कुठलेकराला तीन मिनिटांत कळतं.

दुसरा आक्षेप जड आहे. गल्ली विचारणं म्हणजे जात विचारणं. कुठलेकराचा हेतू धुतल्या तांदळासारखा असतो, असं मी काही शपथेवर सांगणार नाही. कळतेच त्याला. पण आडनाव ऐकून मनातल्या मनात खाना ठरवणारा आणि वर ‘आम्ही असलं काही विचारत नाही’ म्हणणारा सभ्य माणूस मला जास्त घातक वाटतो. त्याचा निकाल एका शब्दावर लागतो आणि त्यावर अपील नसतं. कुठलेकर चौकशी करतच राहतो, आणि साडू निघेपर्यंत जात मागं पडलेली असते. नेहमी पडते असं नाही. पडते तेव्हा मात्र त्याच्यामुळंच.

तिसरा आक्षेप सीमाप्रश्नाचा. 1956 साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, 1967च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला सुचवलं, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. एवढं सगळं असताना ‘कुठलं’ विचारणं म्हणजे काडी टाकणं नव्हे काय? कागदावर, हो. 1 नोव्हेंबरला एकाची मिरवणूक असते आणि दुसऱ्याचा काळा दिवस. पण 2 तारखेला दोघांना एकाच साच्यात वाळू ठासायची असते, आणि ‘कुठलं’चं उत्तर कुठलेकर राज्याच्या नावानं कधी घेत नाही. कुणी ‘कर्नाटक’ म्हणालं तर तो वैतागतो. “ते राहू दे ओ. स्टँड कुठलं?”

झारखंडातून आलेल्या पोरापुढं त्याची विद्या संपते असं वाटतं. मामाचं गाव नकाशावर सापडत नाही. पण बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत फौजेतली माणसं चिक्कार, आणि त्यातला कुणीतरी रांचीला राहून आलेला असतोच. “रांची? आमच्या गल्लीतला एकजण होता की तिकडं,” म्हणून कुठलेकर खूश. पोराला त्या एकजणाचा काही उपयोग नाही. पण दुपारी डब्याला कुणाशेजारी बसायचं, हे त्याचं ठरलेलं असतं.

राहता राहिला कुठलेकर स्वतः. तो निपाणीकडचा. कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब आणि बंगळूर फक्त पगाराच्या स्लिपवरच्या पत्त्यापुरतं. कागलच्या एमआयडीसीत होता तेव्हा त्याला ‘कर्नाटकातला’ म्हणायचे, उद्यमबागेत ‘कोल्हापूरकडचा’ म्हणतात. त्यामुळं त्यालाच कुणी गाव विचारलं तर तो लगेच उत्तर देत नाही. विचारणाऱ्याकडं जरा निरखून बघतो आणि म्हणतो, “सांगतो की. आधी तुमचं कुठलं ओ?”