सुधारित नकाशा

अण्णांच्या हाती कोरा कागद लागू देऊ नये. लग्नपत्रिकेची पाठ, लाइटबिलाची मागची बाजू, औषधाची पिशवी, काहीही त्यांना पुरतं. बोलता बोलता खिशातलं पेन बाहेर येतं, एक चौकोन पडतो, आणि "समजा, हा आपला हॉल" असं ते म्हणाले की समोरच्यानं आपली एसटी गेली असं समजून निवांत बसावं.

अण्णा बँकेतून निवृत्त झाले. नोकरीतला बराचसा काळ गृहकर्जाच्या टेबलावर गेला. हजारो लोकांचे नकाशे त्यांच्या हाताखालून गेले, त्यांवर त्यांनी सह्या केल्या, आणि घरी येऊन ते हळहळत बसले. "संडासाचं दार थेट जेवणाच्या टेबलावर उघडतंय हो, आणि मी कर्ज मंजूर करून आलो!" परक्याच्या संडासानं झोप उडालेला हा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे.

साताऱ्याच्या बाहेर त्यांचा दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, तेव्हा दोन गुंठे 33 बाय 66. दोन्ही अंगांना पाच-पाच फूट मार्जिन सोडलं की बांधायला रुंदी उरते 23. अण्णांनी हिशेब केला : साडेअकराच्या दोन खोल्या शेजारी शेजारी, चोख. पहिले कित्येक नकाशे त्यांनी याच हिशेबावर काढले. भिंतींना जाडी असते हे त्यात कुठंच धरलेलं नव्हतं. आर्किटेक्ट मुलगी होती चोवीस-पंचवीस वर्षांची. तिनं अदबीनं सांगितलं, "काका, बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंच, मधली साडेचार. साडेबावीस इंच त्यातच गेले. प्लॅस्टर वेगळं." अण्णा तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिनंच जवळजवळ दोन फूट जमीन हडप केली आहे. मग म्हणाले, "बरं, मधली भिंत नको. पडदा लावू."

जिन्याचंही तेच झालं. जिना जागा फार खातो म्हणून अण्णांनी तो कोपऱ्यात सात पायऱ्यांत उरकला होता. मुलीनं दहा फूट उंचीला सातानं भागलं आणि पायरीची उंची सतरा इंच येते म्हणून दाखवलं. "सवय होते," अण्णा म्हणाले. वहिनींनी काही न बोलता आपले गुडघे पुढं केले. जिन्याच्या अठरा पायऱ्या झाल्या आणि जिन्याखालची कोठीची खोली, जिच्यात अण्णांनी तांदळाचे डबे आणि जुनी स्कूटर दोन्ही बसवलं होतं, ती बिचारी एकदाची मोठी झाली.

फर्निचर त्यांनी लग्नपत्रिका कापून केलं होतं. एक इंच म्हणजे चार फूट, या मापानं. डबल बेड सोनेरी, सोफा गणपतीच्या पोटातून काढलेला, फ्रिजवर 'आपले आगमनाभिलाषी' अशी अक्षरं. हा संसार ग्राफपेपरवर मांडून ते तासन्‌तास सरकवत बसत. त्यांच्या खोलीत पंखा लावायची बंदी होती, कारण एकदा कुणीतरी बटण दाबलं आणि सोफा बाथरूममध्ये जाऊन पडला. अण्णांनी तो लगेच उचलला नाही. जरा मान तिरकी करून पाहिलं आणि पुटपुटले, "बसतो की."

एरवी माणूस साधा. पण नकाशात त्यांना सगळ्यांची मनं राखायची असत, आणि मनं राखायला जागा फार लागते. इचलकरंजीच्या ताई दिवाळीत चार दिवस येतात, त्यांचे पाय दुखतात, म्हणून तळमजल्यावर 'ताईची खोली'. मग वहिनींचे भाऊ काय म्हणतील, म्हणून तिचं नाव 'गेस्ट रूम'. मग ताई काय म्हणतील, म्हणून दोन गेस्ट रूम. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, आम्ही वर्षातून दोनदा येणार." अण्णा म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला मास्टर बेडरूम. गॅलरीसकट." अण्णा-वहिनींचा पलंग या सगळ्यात हॉलमध्ये आला होता.

वहिनींच्या भावांनी एकदा येऊन मोबाइलवरचं होकायंत्र लावलं. प्लॉट पूर्वेकडं तोंड केलेला. देवघर ईशान्येला हवं आणि स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे दोन्ही रस्त्याच्या बाजूला. हॉल गेला मागं वायव्येला. आता येणाऱ्या पाहुण्यानं देवाला नमस्कार करून, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, सिंकला वळसा घालून बसायला जायचं. "पाहुणा तृप्त होऊनच बसेल," अण्णा म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

स्वयंपाकघरावर त्यांनी अभ्यासही केला. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या बाईंनी 1926 साली फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी आखलेलं स्वयंपाकघर त्यांनी कुठंतरी वाचलं होतं : जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटर, पण बाईमाणसाचं पाऊल वाया जाऊ नये म्हणून घड्याळ लावून मापलेलं. झालं! अण्णा घड्याळ घेऊन ओट्याशी उभे राहिले. "चहाला तू एकोणीस पावलं टाकलीस." वहिनी म्हणाल्या, "त्यातली सहा तुम्हाला वळसा घालायला." पुढं कुणीतरी अण्णांना सांगितलं की त्या बाईंनी ते आखण्याआधी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. अण्णांना त्यानं भलताच धीर आला.

मग एका रविवारी त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर अख्खा तळमजला खऱ्या मापात आखला. वहिनींच्या डब्यातली रांगोळी : बाहेरच्या भिंती पांढऱ्या, आतल्या पिवळ्या, नळाच्या लाइनी निळ्या. वहिनींना हातात रिकामा कुकर देऊन आग्नेयेला उभं केलं, मला पाहुणा केलं.

"हं, आता कुकर टेबलावर आण."

वहिनी सरळ निघाल्या.

"अगं भिंत! भिंतीतून आलीस!"

वहिनींनी कुकरसकट मागं जाऊन दार शोधलं. दार निळ्या रेघेत होतं.

"ते बाथरूमचं. उजवीकडचं घे."

"उजवीकडं भाऊजी बसलेत."

मी खुर्ची उचलून सरकलो, तर अण्णा ओरडले, "तुम्ही आता ताईच्या खोलीत आहात!" इतक्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई वाळवणाची चादर घेऊन आल्या आणि गेस्ट रूममध्ये, ऐन दाराच्या तोंडाशी, कुरडया पसरून गेल्या. वहिनी तोवर शांतपणे कुकर घेऊन उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "अहो, कुठं का असेना, खिडकी ओट्यासमोर ठेवा. बाहेरचं दिसलं पाहिजे." अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, लिहून घेतलं, आणि मला कळलं की इतक्या नकाशांत ही नोंद आज पहिल्यांदाच पडतेय.

अखेर आर्किटेक्ट मुलीचं लग्न ठरलं, ती मुंबईला जाणार होती, म्हणून तिनं होता तो नकाशा मंजुरीला टाकला. अण्णांचा नाइलाज झाला. पाया झाला, कॉलम उठले, स्लॅब पडला. कॉलमच्या सळ्या वर दोन-तीन फूट तशाच ठेवल्या होत्या, पुढंमागं मजला चढवायचा म्हणून.

स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मीही वर चढलो. पाणी साठवायला मिस्त्रीनं सिमेंटचे बांध घालून चौकोनी वाफे केले होते, आणि त्यांत पाणी भरलं होतं. अण्णा थबकले. एका चौकोनावरून दुसऱ्यावर त्यांची नजर फिरू लागली. पेन निघालं.

"मिस्त्री, हा बांध दीड फूट तिकडं घे."

"सायेब, पान्याचं वाफं हायत ही. आठ-धा दिवसांनी फोडायची."

"फोड की. पण मला सांग, या खोलीला दार कुठून देणारेस?"