बोकड बघितला कोणी?

रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभा असलेला मराठी माणूस हा जगातला सर्वांत कडक तपासनीस असतो. बँकेच्या कागदांवर तो न वाचता सह्या ठोकेल, पण इथे त्याची नजर आकड्यावरून हलत नाही. टांगलेला बोकडच आहे, बकरी नाही, याची खूण खाटीक अंगावर तशीच ठेवतो. ती दिसल्याशिवाय गिऱ्हाईक खिशात हात घालत नाही. मग ‘मांडीचं द्या, चरबी कमी, दोन नळ्या टाका’ असा हुकूम सुटतो. एवढी छाननी होते, पण मांडीवरच्या जांभळ्या शिक्क्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

वास्तविक तो शिक्का म्हणजे आपल्या आधी कोणी तरी बघून गेल्याची पावती. पशुवैद्यकाने जनावर आधी चालताना बघायचं आणि नंतर आतून: फुप्फुसात गाठी नाहीत ना, काळजात चपट्या कृमी नाहीत ना. कत्तलखान्यांविषयीचे २००१ सालचे केंद्रीय नियम मी निवांत वाचून काढले. डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यापेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, असं त्यांत लिहिलं आहे. म्हणजे एका बोकडाला पाच मिनिटं! माणसांच्या ओपीडीत इतका वेळ मिळाला तर आपण चार घरी सांगत फिरू. कापण्याआधीची तपासणी झाली की जनावराला २४ तास विश्रांती. शिवाय एकाचा शेवट दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत होता कामा नये. सरकारी भाषेत इतकी माया मी फार कमी ठिकाणी बघितली आहे.

मात्र या नियमांच्या लेखी कत्तलखाना म्हणजे जिथे दिवसाला १० किंवा त्याहून जास्त जनावरं कापली जातात तो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीही अशीच रेघ मारली: दिवसाला २ मोठी जनावरं, १० लहान किंवा ५० कोंबड्या, इथपर्यंतचा धंदा छोटा. वर्षाला १०० रुपये भरायचे आणि नोंदणी करायची. स्वच्छता मात्र छोट्यालाही चुकत नाही. मटणाच्या दुकानातला ओंडका रोज रात्री गरम पाण्याने धुऊन त्यावर मिठाचा थर पसरावा, इथपर्यंत नियमांनी लक्ष घातलं आहे. आमच्या खाटकाचा चिंचेचा ओंडका मधोमध झिजून खोलगट झालाय. दुकान बंद करताना तो त्यावर मूठभर खडेमीठ टाकून तळहाताने कडेपर्यंत फिरवतो. मी त्याला नियम सांगितला, तर म्हणाला, “साहेब, एक दिवस मीठ चुकलं तर सकाळी ओंडकाच वासाने सांगतो. सरकार कशाला पाहिजे?”

गावाकडे हा सगळा कारभार एका झाडाखाली उरकतो. पाच-सात घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे पडतात. काळीज, वजडी, हाडं प्रत्येक वाट्यात सारखी पडली पाहिजेत, नाही तर पुढच्या खेपेला एक घर कमी. शिक्का नसतो, पण तो बोकड कोणाच्या बांधावर चरला आणि मागच्या महिन्यात लंगडत का होता, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

अमेरिकेतला माझा भाचाही असाच वाटा घेतो. तिथे मांसतपासणीचा केंद्रीय कायदा १९०६ पासूनचा. शिकागोच्या मांस-कारखान्यांवर अप्टन सिंक्लेअर यांनी ‘द जंगल’ कादंबरी लिहिली आणि जो गदारोळ उठला, त्यातून आलेला. पण जिवंत जनावर शेतकऱ्याकडून विकत घेऊन आपल्यापुरतं कापून घेतलं, तर दर जनावरामागे सरकारी निरीक्षक लागत नाही. पुड्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापायचं आणि ते मालकाने, घरच्यांनी, नोकरांनी व पैसे न देणाऱ्या पाहुण्यांनी खायचं. पैसे देणारे पाहुणे कायद्याला कुठे भेटले कोण जाणे. भाच्याकडे अजून एकही फिरकलेला नाही.

ओळखीत आहे तोवर तुमचं तुम्ही बघा, अनोळखी माणसाला विकायला निघालात की जाणत्याने बघितलं पाहिजे, असा हा हिशेब. तो रास्तच आहे. काळजातली कृमी काही ओळख बघून मुक्काम हलवत नाही. हाल होतात ते मधल्या माणसाचे. आठवड्याला दोन-तीन बोकड विकणाऱ्याने डॉक्टर आणायचा कुठून? तालुक्याचा पशुवैद्यक कुठल्या तरी वाडीवर अडलेल्या गाईपाशी असतो. मोठ्याला शिक्का परवडतो, गावाला ओळख पुरते. याला दोन्ही महाग. आणि आपण शहरातली मंडळी नेमकी त्याच्याच दारात जाऊन म्हणणार, मटण गावठी हवं आणि तपासलेलंही हवं.

यंदा आखाडात आमच्या सोसायटीतल्या काही जणांनी थेट धनगराकडून बोकड घ्यायचं ठरवलं. “डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नको,” असा एकाने आग्रह धरला. आमच्यातले एकमेव डॉक्टर दातांचे. सगळ्यांनी पुढे ढकलल्यावर त्यांनी नाइलाजाने बोकडाचा खालचा ओठ ओढला, वाकून बघितलं आणि म्हणाले, “मधले दुधाचे दोन पडलेत, पक्के आलेत.” धनगराचा चेहरा उजळला. “दोन दातीच हाय! सकाळधरनं मी तरी काय सांगतोय?” नियमाच्या हिशेबाने अजून चार मिनिटं शिल्लक होती, ती भाव करण्यात गेली.