दादाला विचार

माझ्या फोनमध्ये तो ‘दादा रूम पुणे’ या नावानं आहे. माझ्या रूममेटच्या फोनमध्ये ‘दादा मेस’, पलीकडच्या खोलीतल्या पोराच्या फोनमध्ये ‘दादा बोनाफाईड’, आणि एका मुलीच्या वडिलांच्या फोनमध्ये, मी डोळ्यांनी पाहिलंय, ‘पुणे अर्जंट’. आईवडिलांनी त्याचं काहीतरी नाव ठेवलेलं असणारच. पण ते आधार कार्डाबाहेर फारसं वापरात नसावं.

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कुठलाही तालुका घ्या, त्याचा एक दादा पुण्यात असतोच. बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की गावात पेढे वाटतात आणि पेढ्यामागोमाग त्याचा नंबर. “काही लागलं तर दादाला विचार,” असं सांगून पोराला एस.टी.त बसवून देतात. पोरगं परभणीच्या स्टँडवरूनच विचारायला सुरुवात करतं. मीही केली होती.

“दादा, मी शिवाजीनगरला उतरू ना?”

“उतर. पण शिवाजीनगरला उतरशील ते वाकडेवाडीत.”

मला वाटलं, गाडीच्या खडखडाटात नीट ऐकू आलं नाही. पण ते खरंच होतं. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एस.टी. स्टँड वाकडेवाडीला हलवलं, ते गाडीच्या पाटीवर मात्र शिवाजीनगरच राहिलं. “आणि रिक्षावाल्याला वाकडेवाडी सांग, वाकड सांगू नको,” दादा म्हणाला. “वाकड वेगळं. माझ्या आधीच्या बॅचचा एक जण वाकडला गेला. तिथंच राहतो आता. नोकरी लागली त्याला.”

पुण्याचा भूगोल दादा असा शिकवतो. लकडी पुलाला लाकूड नाही, स्वारगेटला गेट नाही, आणि पत्त्यात मारुती असेल तर कुठला ते आधी विचारायचं. कारण इथं जिलब्या मारुती आहे, पत्र्या मारुती आहे, डुल्या मारुती आहे, सोन्या मारुती आहे आणि भिकारदास मारुतीही आहे. पेठांना वारांची नावं. माझ्या आईला फोनवर सांगितलं की शनिवार पेठेत एक खोली बघितली, तर ती काळजीनं म्हणाली, “आणि बाकीचे सहा दिवस कुठं राहणार?”

दादा दिसतो कसा? पायात स्लीपर, पाठीला कधीकाळी काळी असलेली सॅक. सॅकमध्ये अभ्यासाचं एक पुस्तक वरवर, आणि खाली खरा संसार: स्टेपलर, गोंदाची कांडी, निळं पेन, काळं पेन, सुतळी, छोटं कुलूप, आणि कुणाकुणाचे पासपोर्ट साईझ फोटो. एकदा त्याच्या सॅकमधून माझेच चार फोटो निघाले. मी दिले कधी, ते मला आठवेना. “लागतात,” तो एवढंच म्हणाला. पुढच्याच आठवड्यात लागले.

खोली शोधायला दादाबरोबर निघणं म्हणजे इन्स्पेक्टरबरोबर धाडीला जाणं. सदाशिव पेठेतल्या जिन्यांची त्याला अंधारातही सवय आहे. तो भिंतीचा रंग बघत नाही, खिडकीतून दिसणारं झाड बघत नाही. तीन प्रश्न विचारतो. पहिला, पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? दुसरा, संडास कितीजणांत? तिसरा प्रश्न सगळ्यात शेवटी, चप्पल घालता घालता, सहज विचारल्यासारखा: “आधीचा मुलगा का सोडतोय?”

“या तिसऱ्याचं उत्तर ऐकू नको,” तो मला जिन्यात म्हणाला, “उत्तर द्यायला वेळ किती लागला, ते बघ. लगेच ‘नोकरी लागली’ म्हणाले तर ठीक. ‘अं…’ म्हणाले की जिना उतरायचा.”

त्या दिवशी आम्ही अकरा जिने उतरलो.

पुण्यात विद्यार्थ्याला खोली मिळत नाही, कॉट मिळते. ‘कॉट बेसिस’ हा या शहरानं उच्च शिक्षणाला दिलेला शब्द आहे. भाडं कॉटचं. कॉटखालची जागा तुमची, कॉटवरची हवा तुमची. भिंतीवरचा खिळा मात्र आधीपासून राहणाऱ्याचा. खिळा वारशानं मिळतो. दादाच्या खोलीत एक जण पास होऊन गेला तेव्हा त्याच्या खिळ्यावरून दोघांत आठवडाभर अबोला होता.

मग कागद. दादाला करार तोंडपाठ आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स; लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. पहिल्या वर्षी एका मालकाला त्यानं हे कलम ऐकवलं होतं. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “कायदा चांगलाय. कॉट उचल.” तेव्हापासून दादा कलम ५५ फक्त आम्हाला ऐकवतो.

सोसायटीत फ्लॅट बघायला गेलो ते माझ्या हट्टापायी. कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘सोसायटी’ म्हणजे नाटक, वादविवाद, खगोलशास्त्र असलं काहीतरी छान छापलेलं होतं, त्यामुळे त्या शब्दाविषयी माझं मत बरं होतं. पुण्यात सोसायटी म्हणजे वॉचमन, त्याच्यामागं सेक्रेटरी आणि त्यांच्यामागं फळा. फळ्यावर लिहिलेलं असतं काय करू नये ते, आणि त्यात शेवटची ओळ आपण. सेक्रेटरींनी आम्हाला विचारलं, “फॅमिली का?” दादा म्हणाला, “आहे, परभणीला.” मुलाखत संपली. खाली येऊन दादानं समजावलं की सोसायटीला भाडेकरू आवडत नाही, पण भाडेकरूमुळे मालकाकडून मिळणारा ना-भोगवटा आकार आवडतो. तोसुद्धा सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे शासनानं २००१ सालीच सांगून ठेवलंय. हे त्याला कसं ठाऊक, म्हणून विचारलं. “एका मालकानं तो पूर्ण माझ्याकडून घेतला होता,” दादा म्हणाला.

तेव्हा मला उमगलं. दादाच्या प्रत्येक उत्तराखाली एक पावती चिकटवलेली असते. त्याला ब्रोकरांबद्दल सगळं माहीत आहे, कारण एका ब्रोकरनं एकच कॉट तिघांना दाखवून तिघांकडून पैसे घेतले, त्यातला दुसरा हा. मेसबद्दल माहीत आहे, कारण एक मेस दिवाळीत बंद झाली ती उघडलीच नाही, आणि याचे दोन महिन्यांचे पैसे आत. तो स्पर्धा परीक्षा देतो. तिथं चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, हे त्याला फार दयाळूपणाचं वाटतं. “रूमच्या पेपरात चुकलास तर अख्खं डिपॉझिट जातंय,” तो म्हणतो.

मेसचा विषय निघाला की दादा हळवा होतो. पूर्वी गरीब विद्यार्थी पुण्यात वार लावून जेवायचे, सात वारी सात घरं. “आता एकच मेस,” तो म्हणतो, “आणि सातही वार बटाटा.” मेसचे नियम तो नव्या पोराला मंत्रासारखे देतो: खाडा आदल्या दिवशी सांगायचा, तोंडी नाही, वहीत लिहून. एका दिवसाचा खाडा धरत नाहीत. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणून रविवारी संध्याकाळी बंद. काकूंना ‘भाजी छान झाली’ म्हणायचं, पण रोज नाही. रोज म्हटलं की तीच करतात.

पोरं नुसती खोलीची नि जेवणाचीच विचारत नाहीत. ऑगस्ट लागला की दुसरा हंगाम सुरू होतो: “दादा, मी कुठल्या ग्रुपात जाऊ?” इथंही दादाकडे दरपत्रक आहे. ढोल-ताशा पथक: गणपतीआधी महिना-दोन महिने नदीकाठी रोज संध्याकाळी सराव; कमरेला ढोल, हाताला फोड, मित्र भरपूर. ट्रेकिंग: सिंहगडापासून सुरुवात, शनिवारी रात्री झोप नाही, सोमवारी पहिलं लेक्चर नाही. एन.एस.एस.: पुढं सर्टिफिकेट कामाला येतं, झाडू स्वतःचा न्यायचा नसतो. आणि पुरुषोत्तम. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात होते, आणि तिच्या दिवसांत ‘अरे आव्वाज कुणाचा’ एवढं ओरडलं की आठवडाभर आईशी फोनवर खुणेनं बोलावं लागतं. दादा पहिल्या वर्षी गेला होता. त्याला झाड उभं करायचं काम मिळालं. पुढच्या वर्षी एकांकिकेत झाडच नव्हतं.

“पण जा तू,” तो मला म्हणाला. “फक्त करंडक धरून चालू नको. २०२२ साली परीक्षकांनी कुणालाच दिला नाही.” थोडं थांबून म्हणाला, “डिपॉझिटसारखंच असतंय ते.”

प्रवासाबाबत दादा दोन पिढ्यांचं बोलतो. पी.एम.पी.एम.एल. होऊन २००७ सालापासून इतकी वर्षं झाली, तरी तो बसला ‘पी.एम.टी.’च म्हणतो, कारण ज्या दादानं त्याला शिकवलं तो तसं म्हणायचा. मेट्रोचं त्याला कौतुक आहे. वनाज ते रामवाडी एक मार्ग, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट दुसरा, आणि दोन्ही एकमेकांना भेटतात ते जिल्हा न्यायालयापाशी. पहिल्या दिवशी मी आईला फोनवर म्हणालो, “जिल्हा न्यायालयात आहे, नंतर बोलतो,” आणि गाडी भुयारात शिरून रेंज गेली. बाहेर आलो तेव्हा घरचे सतरा मिस्ड कॉल होते आणि दादाचा एक. आईनं त्याला वकील बघायला सांगितलं होतं. तो तिला मेट्रोचा नकाशा तोंडी समजावून मोकळा झाला होता.

आणि कागदपत्रं, बाबा, कागदपत्रं! बोनाफाईडच्या एका वेळी तीन प्रती घे, खिडकी कधी बंद होईल भरवसा नाही. वसतिगृह मिळालं नाही तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघ, तुला लागू असेल तर स्वाधार बघ. विद्यापीठात कमवा व शिका आहे, लाजू नको. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, तिथं अर्ज टाक. हे सांगताना दादाचा आवाज बदलतो. घरची परिस्थिती तो कधी विचारत नाही. पोराच्या चपलेकडे एकदा बघतो आणि त्याप्रमाणे यादीचा क्रम लावतो.

आता एवढ्या माणसानं स्वतः राजवाड्यात राहायला हवं. तो राहतो एका पडक्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत, कॉट नंबर तीन. नळाला पाणी पहाटे पावणेपाचला येतं आणि पाच वाजून दहा मिनिटांनी जातं. संडास चौदा जणांत. पावसाळ्यात डोक्याशी बादली ठेवून झोपतो. बादली भरली की उठून अभ्यासाला बसतो. अलार्म वेगळा लावावा लागत नाही. सात वर्षं तो तिथं आहे.

“सोडत का नाहीस?” मी विचारलं. तोवर मला दादाला ‘तू’ म्हणायची बढती मिळाली होती.

“डिपॉझिट अडकलंय.”

सहा हजार रुपये. मालक आजोबा वाईट नाहीत. ते सात वर्षं एकच वाक्य प्रेमानं म्हणतात: “देतो की. नवा मुलगा आण, त्याचं डिपॉझिट आलं की त्यातूनच तुझं देतो.” म्हणजे करायचं एवढंच, की एक पोरगं आणून त्या कॉटवर बसवायचं. ज्या माणसानं शे-दीडशे पोरं पुणेभर बसवली, त्याला एक पोरगं स्वतःच्या कॉटवर बसवता येईना. दरवर्षी जूनमध्ये तो ठरवतो, दरवर्षी कुणाला तरी जिन्यापर्यंत आणतो, आणि मग दुसरीकडे घेऊन जातो.

या जूनमध्ये मात्र त्यानं मनावर घेतलं. गादी गुंडाळून सुतळीनं बांधली. खिळ्यावरचा शर्ट काढला. नव्या खोलीत माझ्या शेजारची कॉट मी त्याच्यासाठी धरून ठेवली होती. संध्याकाळी हिंगोलीकडचं एक पोरगं आलं. दोन दिवस फिरून दमलेलं, हातात लोखंडी पेटी, केस ओले. ते कॉटवर टेकलं आणि म्हणालं, “दादा, मला चालते ही. भाडं बसतंय माझ्यात.”

आजोबा खिडकीतून बघत होते. मी दादाकडे बघितलं. दादा छताकडे बघत होता. बादली आम्ही दुपारीच लपवली होती. त्यानं कुलपाची किल्ली खिशातून काढली, पुढं केली.

पोरानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. “एक विचारायचं राहिलं,” ते म्हणालं. “गावाकडं सांगितलंय, शेवटी हे विचारायचंच म्हणून. आधीचा मुलगा का सोडायलाय?”

दादा म्हणाला, “अं…”

आणि हसला. किल्ली परत खिशात टाकली, पोराची पेटी उचलली.

“चल,” म्हणाला, “जाता जाता नळ दाखवतो.”