ओला, सुका आणि पवित्र

मराठी माणसाला कचरा वेगळा करता येत नाही, हा आरोप खोटा आहे. रद्दीवाला दारात उभा असताना या माणसाला पाहावं. मराठी पेपर वेगळे, इंग्रजी वेगळे, कारण इंग्रजी रद्दीला भाव जास्त (या अपमानाबद्दल अजून मोर्चा कसा निघाला नाही, नवल आहे). पुठ्ठा निराळा. दिवाळी अंक ऐन वेळी गठ्ठ्यातून ओढून काढले जातात. वजन घरच्या काट्यावर आधीच झालेलं असतं, म्हणजे मधलं पाव किलो कुठे गळालं ते विचारता येतं. जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेली घ्यायची, तिनं नाकारलेल्यांच्या गोधड्या शिवायच्या आणि दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, हे सगळं याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. चार पैसे सुटणार असतील तर आमच्याइतकं काटेकोर वर्गीकरण ग्रंथपालही करत नाही.

घोडं अडतं ते फुकटच्या वर्गीकरणापाशी. 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, घरातच तीन भाग करा: ओला, सुका आणि घरगुती घातक. ऐकायला सोपं. पण नारळाची शेंडी ओली की सुकी? चीज चिकटलेलं पिझ्झाचं खोकं कुठे जाणार? शिवाय नियम करणाऱ्यांच्या घरी देव्हारा नसावा, कारण चौथा प्रकार त्यांना सुचलेलाच नाही: पवित्र. कालचा हार कांद्याच्या सालींबरोबर टाकायला हात धजत नाही. मग तो प्लास्टिकच्या पिशवीतून खिळ्याला लटकतो, कुणीतरी नदीकडे जाईपर्यंत. गणपतीत घाटावर निर्माल्यकलश असतात, तोवर स्वयंपाकघरातला खिळा हेच आमचं तीर्थक्षेत्र.

सरकारनं पैशाची वाटही चालून पाहिली. 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाची रिकामी पिशवी परत केली की 50 पैसे मिळावेत, अशी तरतूद होती. ज्या गावात 50 पैशांचं नाणं कुणी हातात घेत नाही, तिथे ते मिळवण्यासाठी पिशव्या घेऊन रांगेत कोण उभं राहणार?

तरीही पुण्यात आमच्या मजल्यावर कचरा वेगळा होतो. कारण ताई.

1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांची संघटना. तिच्यातूनच 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार होऊन उकिरड्यांवर वेचणाऱ्या बाया दारोदार कचरा गोळा करू लागल्या. आमच्या ताई त्यांच्यातल्याच. घराघरातून महिन्याचं शुल्क मिळतं आणि सुक्यातलं जे विकलं जातं, त्याचे पैसेही ताईंचेच. थोडक्यात, आपल्या डब्यात वर्तमानपत्रावर आमटी सांडली की भाव ताईंचा उतरतो. पर्यावरण वगैरे नंतरचं.

ताईंचं काम जवळून पाहावं. जिन्याखाली पसरलेल्या फाटक्या चादरीवर सुका डबा पालथा होतो आणि बोटं चालू लागतात. बाटलीचं बूच एकीकडे, बाटली पायाखाली चपटी करून दुसरीकडे. दुधाची पिशवी उचलून आधी कोपरा बघायचा: कापलेला तुकडा पिशवीलाच लटकत असला तर ताई खूश, कारण सुटलेला तो टिकलीएवढा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. सॅनिटरी पॅडची, कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढलेली पुडी न उघडता बाजूला जाते. तसा ठिपका काढावा म्हणजे आत काय आहे ते हाताला नव्हे, डोळ्यांना कळेल, ही मागणी या बायकांचीच. ती ऐकायला आम्हा सुशिक्षितांना बराच वेळ लागला.

आणि हे करता करता ताई आमचं घर वाचत असतात. “काकू, पावनं आलं व्हतं जनू?” पाहुणे कालच गेलेले असतात. कुणाकडे स्वयंपाक बंद होऊन हॉटेलचे डबे सुरू झाले, कुणाच्या मुलानं अभ्यासाच्या नावाखाली काय काय मागवलं, सगळं ठाऊक. आमच्या मजल्यावरच्या एका काकांना मधुमेह आहे. काकूंनी घरात साखर बंद केली, तेव्हा काका पेढ्यांचं रिकामं खोकं शेजाऱ्यांच्या डब्यात टाकू लागले. आठवडाभरात ताई काकूंना म्हणाल्या, “शेजारच्यांकडं लई पेढं खात्यात हो, पर त्ये तर गावाला गेल्यात.” काकांचा मधुमेह तेव्हापासून आटोक्यात आहे.

ताई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या, तेव्हा बदली म्हणून एक अबोल मुलगा आला. तो डबा घेऊन जायचा, वर मान करायचा नाही. पाहता पाहता सगळा मजला सैलावला. चहाचा चोथा बिनदिक्कत पुठ्ठ्यात पडू लागला. नियम तेच, दंडाची पाटीही जागच्या जागी होती. फक्त आपल्याला ओळखणारं कुणी डबा उघडत नव्हतं.

शेवटी सोसायटीच्या सभेत विषय निघालाच. सेक्रेटरींनी कचऱ्याच्या डब्यांवर सीसीटीव्ही बसवायचा ठराव मांडला, खर्चाचा आकडा वाचला. मागून कुणीतरी म्हणालं, “त्यापेक्षा ताई परत आल्या की त्यांनाच पुढच्या सभेला बोलवा, कोण काय कुठे टाकतं ते सांगतील.”

सीसीटीव्हीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन काकांनी दिलं.