पोटरीतला गोळा

भाचीला किल्ला दाखवायचा तर आधी मामाला तो चढता आला पाहिजे, हे मला पेठच्या वाटेवर सुचलं. तोवर आंबिवली बरीच खाली राहिली होती.

कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवली, तिथून धापा टाकत पेठ. गावाच्या डोक्यावर कातळाचा सुळका. हाच कोथळीगड, गावात पेठचा किल्ला म्हणतात. बाकीच्या गडांवर माणसांनी बुरूज रचले. इथे डोंगरानेच बुरूज दिला, माणसांनी तो आतून पोखरून जिना काढला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यांत हा नाही. ‘‘यादी करणारे वर चढले नसतील,’’ मी भाचीला म्हणालो. तेव्हा बोलण्याइतका दम शिल्लक होता.

गुहेत कोरीव खांब आणि तोफेचे गोळे. तिथे मी व्याख्यान ठोकलं: पायऱ्या मुद्दाम उंच, शत्रूची दमछाक व्हावी म्हणून. मग जिन्यात शिरलो आणि बाराव्या पायरीवर शत्रू कोण ते कळलं.

वर पोचलो होतो, याची नोंद घ्यावी. घात उतरताना झाला. निम्म्या जिन्यात उजव्या पोटरीत गोळा आला. गुहेतले गोळे थंड होऊन शतकं लोटली. हा ताजा होता. वरून शाळेची सहल उतरत होती, खालून तरुणांचं टोळकं चढत होतं, आणि मधोमध मी, पाठ कातळाला, पाय आडवा.

‘‘काका, जरा सरका ना!’’

‘‘काका, अंगठा वर ओढा!’’

‘‘मामा, यांना ते दमछाकीचं सांग ना,’’ ही भाची.

वीस मिनिटं वरचा खाली नाही, खालचा वर नाही. 1684 साली मोगलांनी हा गड घेतला. तेव्हा जिन्यात माझ्यासारखा एकच गडी पोटरी धरून बसवला असता, तर औरंगजेबाची फौज अजून खालीच ‘काका, सरका’ करत असती.

शेवटी बसून उतरलो, एकेक पायरी घासत. पेठेत एका मावशींकडे पिठलं-भाकरी आधीच सांगून ठेवली होती. त्यांच्या ओसरीवर मी भिंतीकडे पाठ करून, खेकड्यासारखा तिरका चालत गेलो. मावशी काही बोलल्या नाहीत. ताटाच्या आधी त्यांनी सुईदोरा आणून ठेवला.